राखीव सरकार

शांतता आल्याची खबर वित्त विभागाला सगळ्यांच्या आधी लागते. केंद्राच्या लेखी नक्षलग्रस्त जिल्हे 2018 च्या आधी 126 होते, एप्रिल 2025 मध्ये 18 उरले आणि ऑक्टोबरात 11. त्याच महिन्यात माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. नक्षलवाद संपवण्याची मुदतही केंद्राने 31 मार्च 2026 अशी धरली होती. ज्या दिवशी खर्चाची वही मिटायची त्याच दिवशी बंडखोरीचीही, म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पात नक्षल बंदोबस्ताचे लेखाशीर्षच नको. तेव्हा गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची 113 वी बटालियन आणि आळीपाळीने जंगलात येणाऱ्या राज्य राखीव दलाच्या तुकड्या आता जादा ठरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तर्क साधा आहे आणि बराचसा बरोबरही आहे. 2009 साली याच तालुक्यात फेब्रुवारीत मरकेगावला 15 आणि मे महिन्यात हत्तीगोट्याजवळ 16 पोलीस मारले गेले. 2012 च्या मार्चमध्ये पुस्टोल्याजवळच्या स्फोटात केंद्रीय राखीव दलाचे 12 जवान गेले. ते दिवस खरेच संपले असतील तर तळ कमी व्हायलाच हवेत. अडचण अशी की या काळात सरकारने जंगलात नुसते पोलीस पाठवले नाहीत, उरलेले सरकारही त्यांच्याच पाठीवर लादून पाठवले. मुरुमगाव, पेंढरी, ग्यारापत्ती इथल्या पोलीस केंद्रांत जिल्हा पोलिसांच्या जोडीला राखीव दलांचे जवान असतात, आणि तिथेच 'पोलीस दादालोरा खिडकी' उघडलेली असते. जातीचा दाखला हवा, आधार हवे, एखाद्या योजनेचा अर्ज भरायचा आहे, तर रांग तिथे. कटेझरीला एसटी पहिल्यांदा पोचली ती एप्रिल 2025 मध्ये, तीही पोलिसांच्या खटपटीने. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे महामंडळाला जे गाव सापडत नव्हते, ते दाखवायला बंदूकवाला वाटाड्या लागला! आता वित्त विभाग कात्री चालवील ती बटालियनवर, आणि कापले जाईल अर्धे तहसील कार्यालय.

यावर कोणी म्हणेल की दाखले वाटणे हे पोलिसांचे कामच नव्हे. अगदी मान्य. नागरिकाने आपली जात सिद्ध करायला वाळूच्या पोत्यांच्या मोर्चाआडून जावे, ही लोकशाहीची शोभा नाही. पण मग तलाठी, डॉक्टर आणि मास्तर आधी येऊ द्या, जवान मग जाऊ द्या. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो: तळ हलवण्याचा आदेश तातडीने निघतो, रिक्त पदे यथावकाश भरली जातात, आणि हे यथावकाश कोणत्या पंचवार्षिकात येते ते पंचांगातही नसते. पैसा नाही, हा दुसरा आक्षेप. पैसा आहे, तो वाटेत वळतो. जवान गेल्यावर पडणारी पोकळी ज्या आदिवासी विकास विभागाने भरायची, त्याचेच 335 कोटी 70 लाख रुपये 2025 मध्ये लाडक्या बहिणींकडे गेले. बहिणींबद्दल तक्रार नाही. त्यांतल्या काही धानोऱ्यातही राहतात आणि त्यांना दवाखानाही लागतो. जवानांच्या जागी, कायम फौजेपेक्षा हाक मारली की येणारे लोक स्वस्त पडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी होमगार्डकडे पाहावे. संघटना 1946 ची, भत्ता बोलावले त्या दिवसाचाच, आणि तो 570 वरून 1083 रुपये व्हायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग.

खरी काटकसर हवी असेल तर वित्त सचिवांनी धानोऱ्याहून फार दूर जाऊ नये. याच तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभा आपला बांबू आपणच विकू लागली. तिथला कारभार चालवायला बटालियन लागत नाही, खिडकी लागत नाही. गाव एकत्र बसते, सर्वसहमतीने ठरवते आणि जमाखर्च स्वतः ठेवते. जवानांना परत बोलावताना त्यांच्या जागी अशा ग्रामसभांच्या हाती निधी आणि अधिकार दिले, तर सरकारचा पैसा वाचेल आणि सरकार नाहीसेही होणार नाही. यात गावातले दांडगे लोक ग्रामसभा ताब्यात घेतील, अशी भीती घातली जाते. घेतीलही कुठे कुठे. पण खिडकीबाहेर ताटकळण्यापेक्षा त्यांच्याशी भांडणे गावाला सोपे, कारण ते संध्याकाळी घरीच सापडतात. ही योजना वित्त विभागाला परवडेल. वन विभागाचे मात्र विचारून घ्यावे लागेल: वनहक्क कायदा 2006 चा असूनही मेंढ्याच्या हाती बांबू वाहतुकीचे परवाने पडायला 2011 उजाडले, आणि तेव्हाही त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना दिल्लीहून यावे लागले.