बिस्किटाचा पुडा सापडतो, मूल सापडत नाही

मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरसाहेबांस,

तुमच्या दारावरची झडती कडक आहे. माझ्या पर्सच्या तळाशी असलेला बिस्किटाचा पुडा तुमच्या माणसाने बरोबर हुडकून काढला. माझ्याच पुढे आईबापांसोबत उभा असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र त्याला दिसला नाही. सिनेमा 'ए' होता. तिकिटावर तसं छापलं होतं, पडद्यावर सर्टिफिकेटही आलं. पुढे कोयता चालायला लागला तेव्हा तो पोरगा पाय सीटवर ओढून, पॉपकॉर्नचा डबा तोंडासमोर धरून बसला होता. डब्याच्या कडेवरून बघायचा, पुन्हा खाली व्हायचा. बाप म्हणत होता, "अरे, खोटं असतं ते." मध्यंतरात मी तुम्हाला गाठलं, तर तुम्ही म्हणालात, "मॅडम, पालक बरोबर आहेत ना!"

साहेब, ज्या धंद्यावर तुमचं घर चालतं त्याचा कायदा तरी वाचा. पालकांच्या मर्जीचा प्रश्न 'यूए'मध्ये येतो. 2023 च्या दुरुस्तीने त्याचे 7, 13 आणि 16 असे टप्पे पाडले, पण तिथेही निर्णय पालकांचाच. तुम्ही कुणाला अडवायचं नाही. 'ए'ला मात्र आई असो, बाप असो, 18 च्या आतल्याला आत सोडता येत नाही. सोडलं तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात दंड आहे, आणि त्यासाठी जाब विचारला जातो तो सिनेमा दाखवणाऱ्याला. दारावर राखायचं असं हे एकच अक्षर तुमच्या वाट्याला आलंय. तीन तिकिटांच्या पैशांसाठी तेही तुम्ही विकलंत.

"आजकाल मुलं मोबाइलवर सगळं बघतात," असंही तुम्ही ऐकवलंत. मोबाइल खाली ठेवता येतो. तुमच्या अंधाऱ्या हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा आणि छातीत घुमणारा आवाज असतो, आणि रांगेच्या मधोमध बसलेल्या पोराला उठून जाताही येत नाही.

मला याहून जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मला सिनेमा अख्खा बघायचा असतो, कात्री न लागलेला. 'उडता पंजाब' या सिनेमाचे निर्माते 'ए' घ्यायला तयार होते, तरी सेन्सॉर बोर्डाने कटांची यादी हातात ठेवली. 2016 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे एका कटवर भागलं. बोर्डाचं काम सर्टिफिकेट देण्याचं आहे, हे तिथे न्यायालयाला सांगावं लागलं. मुलांना दारातच थांबवलं जातं, म्हणून मोठ्यांना मोठ्यांचा सिनेमा दाखवा, असं आम्ही भांडून सांगतो. त्या भांडणातला आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही रोज रात्रीच्या शोला मोडून टाकता. उद्या एखादा कात्रीवाला म्हणाला, "पोरं शेवटी बघतातच, मग कापलेलंच बरं," तर त्याला मी काय तोंडाने उत्तर देऊ?

लहान दिसणाऱ्याचं आधार कार्ड बघायला अर्धं मिनिट पुरतं. लेकराला घेऊन आलेल्या आईबापांना तिकीट खिडकीवरच सांगा, पैसे परत द्या. ते भांडतील, तुमच्या माणसावर ओरडतील. तेव्हा त्या माणसाला एकट्याला शिव्या खायला न सोडता तुम्ही केबिनमधून बाहेर या. पुढच्या 'ए' सिनेमाला मी येणार आहे, आणि लहान मूल आत दिसलं तर मध्यंतराची वाट न बघता थेट पोलिसांत तक्रार देणार आहे.

— एक प्रेक्षक