कॉलेज कुठलं म्हणालात?

पुण्यात ‘सीओईपीचा आहे’ एवढं म्हटलं की पुढचं वाक्य लागत नाही. मुलीकडचे लगेच पत्रिका मागतात आणि शेजारच्या काकू आपल्या चिरंजीवांना जेवता जेवता चार शब्द ऐकवतात. ऑकलंडच्या पश्चिमेला न्यू लिन नावाचं उपनगर आहे. तिथे हेच वाक्य उच्चारलं तर समोरचा गृहस्थ मनापासून हसतो आणि विचारतो, ‘अरे वा! म्हणजे मुंबईजवळ का?’

१८५४ साली निघालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजची ही गत. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. ती निघाली तेव्हा ऑकलंडच्या युनिव्हर्सिटीला उणीपुरी चार वर्षं झाली होती. पुण्याचं कॉलेज तर त्या युनिव्हर्सिटीपेक्षा चांगलं एकोणतीस वर्षांनी थोरलं. पण न्यूझीलंडमध्ये वडीलकीचा मान म्हणजे पासष्टीनंतर गोल्ड कार्डावर ट्रेनचा फुकट प्रवास, आणि तोही सकाळी नऊनंतर. कॉलेजांना ती सवलत नाही.

न्यू लिनच्या मराठी मंडळींत एक काका हमखास असतात. हिंजवडीत बारा वर्षं काढलेले, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन आलेले. त्यांच्या सीव्हीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत कॉलेजचं नाव, त्याखाली ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ आणि त्याखाली, कोणी विचारलं नसताना, बारावीला पीसीएममध्ये पडलेले मार्क. रिक्रूटर मुलगी फोनवर हे सगळं शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, ‘इथे न्यूझीलंडमध्ये काम केलंय का कुठे?’ नाही. ‘मग इथल्या कोणाचा रेफरन्स?’ तोही नाही. ‘बरं, कळवते.’ काका सरळमार्गी. ते आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपतात.

दरम्यान काकूंना नोकरी लागते. काकू नगरकडच्या बीएस्सी, वर सी-डॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा. मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. शाळा सुटताना फाटकापाशी ओळख झाली, सीव्ही गेला, कॉफी झाली आणि टेस्टरची जागा मिळाली. कॉलेजचं नाव कोणी विचारलंच नाही. ही हकिगत काका गणपतीच्या जेवणावळीत सहसा सांगत नाहीत.

बरं, खुद्द न्यूझीलंड सरकारही या बाबतीत काकांच्या बाजूने नाही. परदेशी पदवी तिथली एनझेडक्यूए ही संस्था तपासते. तिची शिडी दहा पायऱ्यांची: बॅचलर सातव्या पायरीवर, मास्टर्स नवव्या, पीएचडी दहाव्या. पत्रावर पायरी छापून येते, प्रतिष्ठा येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या वास्तव्यासाठी सहा गुणांची पद्धत सुरू झाली. तिच्यात बॅचलरला ३ गुण, मास्टर्सला ५ आणि डॉक्टरेटला ६ ठेवले. विद्यापीठ कुठलं, याचा रकाना त्या गुणपत्रकात नव्हताच. म्हणजे कॅप राऊंडला अर्ध्या मार्कासाठी ज्याने देव पाण्यात ठेवले तो, आणि मॅनेजमेंट कोट्यातून हसत हसत आत शिरलेला त्याचा मावसभाऊ, दोघांच्या पदरात तेवढेच तीन गुण. महाराष्ट्रात यावरून मोर्चा निघाला असता.

ब्रिटनने मात्र २०२२ मध्ये काकांच्या मनासारखा व्हिसा काढला. जगातल्या नामांकित विद्यापीठांची यादी करायची आणि तिथल्या ताज्या पदवीधरांना नोकरी हातात नसतानाही देशात येऊ द्यायचं. त्या पहिल्या यादीत भारतातली एकही संस्था नव्हती, आयआयटीसुद्धा नाही. काकांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

एक शिडी काढून घेतली की मराठी माणूस दुसरी शोधतो. मुलगा तेरावीच्या वयाचा झाला आणि काकांना क्यूएस रँकिंग सापडलं. युनिव्हर्सिटी ऑफ ऑकलंड, २०२५ च्या यादीत जगात ६५ वी! तिच्या शेजारी एयूटी, म्हणजे ऑकलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी, जी २००० साली विद्यापीठ झाली आणि यादीत शेकडो पायऱ्या खाली आहे. न्यू लिनहून दोन्हींची पोरं एकाच ट्रेनने शहरात जातात, एकाच रांगेत कॉफी घेतात. मग काही जण वेलस्ली स्ट्रीटला वळतात आणि काही जण सायमंड्स स्ट्रीटला चढतात. मधलं अंतर चालत पाच-दहा मिनिटांचं. काकांच्या लेखी मात्र ते सदाशिव पेठ आणि नदीपलीकडचा मुलूख एवढं.

हे रँकिंग बनतं कसं, हे काकांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. २०२४ च्या आवृत्तीपासून क्यूएसमध्ये ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाच्या पाहणीला आहे, त्याआधी ते ४० टक्के होतं. आणखी १५ टक्के कंपन्यांमधल्या नावलौकिकाला. म्हणजे जवळजवळ निम्मे मार्क ‘नाव मोठं आहे का हो?’ असं विचारून दिलेले, आणि त्या मार्कांवरून नाव मोठं ठरलेलं. पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवणारा माणूस मुलांच्या शंका ऐकतो की घड्याळ बघतो, हे या हिशेबात कुठे बसत नाही.

ठप्प्याचं महत्त्व न्यू लिनला नवं नाही. इथल्या मातीवर विटांच्या भट्ट्या चालल्या आणि क्राउन लिन या कारखान्याने अख्ख्या देशाला कपबश्या पुरवल्या. १९८९ मध्ये तो बंद पडला. आज जुन्या वस्तूंच्या दुकानात एखादी बशी दिसली की गिऱ्हाईक आधी ती उलटी करतं आणि बुडाखालचा ठप्पा वाचतं. ठप्पा असला की किंमत चढते. बशीत चहा नीट निवतो का, हे कोणी बघत नाही.

संगणकाच्या धंद्यात ठप्प्याची फजिती होण्याचे किस्से पोत्याने आहेत आणि त्यातले काही चांगले याच देशातले. आज जगभरचे संख्याशास्त्रज्ञ जी ‘आर’ भाषा वापरतात ती रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकात ऑकलंड युनिव्हर्सिटीत केली. काका इथे टाळी मागतील. पण ती भाषा झाली संख्याशास्त्र विभागात, कॉम्प्युटर सायन्समध्ये नव्हे. आणि मशीन लर्निंग शिकणाऱ्या कैक पिढ्यांनी ज्यावर हात बसवला ते ‘वेका’ हे सॉफ्टवेअर हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठातलं. हॅमिल्टन म्हणजे ऑकलंडवाल्यांच्या लेखी गाईंचं गाव. त्याच वायकाटोतून पीएचडी केलेल्या क्रेग नेव्हिल-मॅनिंग यांनी पुढे गूगलचं न्यूयॉर्कमधलं इंजिनिअरिंग केंद्र उभं केलं. ‘ट्रेड मी’ काढणाऱ्या सॅम मॉर्गनने वेलिंग्टनमधलं शिक्षण अर्धवट सोडलं होतं. २००६ मध्ये त्याची वेबसाइट सत्तर कोटी न्यूझीलंड डॉलरला विकली गेली. आणि ‘रॉकेट लॅब’चे पीटर बेक तर युनिव्हर्सिटीत गेलेच नाहीत, फिशर अँड पायकेलच्या कारखान्यात उमेदवारी करून ते रॉकेटपर्यंत पोचले. बेकना पुढे ऑकलंड युनिव्हर्सिटीनेच मानद प्राध्यापक केलं. प्रवेश मिळवण्याचा हाही एक मार्ग आहे, पण तो माहितीपत्रकात छापत नाहीत.

आपल्याकडचं पाहायचं तर सत्या नाडेला मणिपालच्या एमआयटीचे. या एमआयटीचाही एक घोळच आहे. बॉस्टनजवळची एक, मणिपालची एक, कोथरूडची एक. आणि ऑकलंडमध्ये ‘मी एमआयटीचा’ म्हणून छाती काढली, तर ऐकणाऱ्याला दक्षिण ऑकलंडच्या ओटारामधलं मानुकाऊ इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आठवतं. तिथे स्वयंपाकाचेही कोर्स होतात.

आता काकांची बाजू. ती अगदीच लंगडी नाही. नरेंद्र करमरकरांचा १९८४ चा अल्गोरिदम जगभर गाजला. त्यामागे मुंबईची आयआयटी, कॅलटेक, बर्कली आणि बेल लॅब्ज अशी एकापेक्षा एक नावं उभी आहेत. नुसत्या हुशारीने अशा लोकांच्या शेजारचं टेबल मिळत नाही, त्या नावांनी ते मिळतं. संशोधनात जायचं असेल तर कोणाच्या हाताखाली शिकलात हे आयुष्यभर विचारलं जातं, आणि ते रास्तच आहे.

नोकरीचं गणित मात्र वेगळं. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक मजेशीर गोष्ट दाखवली. मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई मोठ्या कॉलेजात गेलेल्यांच्या जवळपास बरोबरीची निघाली. मुळात मुलंच चलाख होती; कॉलेज आयतं श्रेय घेत होतं. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक पुरवणी जोडली: अतिनामांकित कॉलेजामुळे सरासरी कमाई फारशी हलत नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात जाण्याची आणि बड्या कंपन्यांत शिरण्याची शक्यता चांगलीच वाढते.

डेल आणि क्रूगर यांच्या निष्कर्षात एक अपवाद होता आणि तो न्यू लिनमध्ये खिडकीला चिकटवून ठेवावा असा आहे. गरीब घरच्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा खरोखर झाला. श्रीमंताच्या पोराला ओळखी घरातच मिळतात, बाकीच्यांना त्या कॉलेजातून मिळवाव्या लागतात, असाच त्याचा अर्थ दिसतो. आता काकांकडे पुन्हा बघा. पुण्यात त्यांच्या एका फोनवर भाच्याला इंटर्नशिप मिळाली असती. इथे ते घराचा हप्ता वेळेवर भरणारे, पैशाने सुखवस्तू आणि ओळखीपाळखीने कफल्लक. कीवी मुलाचा काका, शेजारी, रग्बीचा कोच असे कोणीतरी कुठेतरी असतातच. परदेशातून आलेल्याच्या मुलासाठी कॉलेजचं नाव हाच काका आणि हाच कोच. म्हणून काकांचा ६५ आकड्यावरचा जीव समजण्यासारखा आहे, फक्त तो थोडा चुकीच्या जागी जडला आहे.

मुलाने काय केलं, तर एयूटी निवडली. कारण विचारल्यावर म्हणाला, ‘बाबा, तिथे शेवटच्या वर्षी खऱ्या कंपनीचा प्रोजेक्ट करायला मिळतो.’ काकांनी दोन दिवस मौन पाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन करून भावाला सांगितलं की, मुलगा ऑकलंडला शिकतोय. ‘ऑकलंडच्या युनिव्हर्सिटीत’ असं भावाने ऐकलं, आणि ते दुरुस्त करण्याची गरज काकांना वाटली नाही.

तर न्यू लिन, एव्हनडेल, ग्लेन ईडन या पट्ट्यातल्या नोकरदार मराठी मंडळींना एवढीच विनंती: यंदा गणपतीत कोणी नवा पोरगा भेटला तर ‘कॉलेज कुठलं?’ हा प्रश्न महाप्रसाद होईपर्यंत राखून ठेवा. आधी त्याचा सीव्ही मागून घ्या आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर, तुमच्या टीममध्ये जागा निघाली असेल तर, तो आपल्या मॅनेजरला तुमच्या नावाने पाठवा.