खर्जातला साहेब

2018 साली 'तुला पाहते रे' या मालिकेतला विक्रांत सरंजामे झी मराठीवर अवतरला आणि रांजणगाव एमआयडीसीतल्या चाळिशी ओलांडलेल्या समस्त सुपरवायझरांचे भाव वधारले. तोवर कानाजवळ पांढरं दिसलं की मंडळी गुपचूप कलपाची पुडी फोडायची. विक्रांत झालेल्या सुबोध भावेनं पिकलेले केस मिरवत, स्वतःच्याच कंपनीतल्या वीसेक वर्षांनी लहान ईशाचं मन जिंकलं आणि आमच्या शॉपवरच्या पुड्या बंद झाल्या. माझी पंचाईत अशी की केस पिकायला आधी ते असावे लागतात. म्हणून मी आवाजावर भर दिला.

क्वालिटीतली एक ट्रेनी रजेचा अर्ज घेऊन आली. मी चष्मा काढला, खुर्चीत किंचित तिरका झालो आणि खर्जात म्हणालो, "बोला, काय अडलंय?" चष्म्याविना अर्ज दिसेना. सही थेट 'एचआरचा शेरा' या रकान्यात पडली. ती अदबीनं म्हणाली, "सर, घसा बसलाय का? सुंठ-मध घ्या." रात्री घरी तोच प्रयोग केला. बायको कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मिठाच्या गुळण्या करा आणि झोपा. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे."

मालिकेतल्या ऑफिसात नेमकं बनतं काय, हे मला आजवर कळलेलं नाही. तिथं डिस्पॅच थांबत नाही, मटेरियल रिजेक्ट होत नाही, ऑडिटवाले येत नाहीत. नायकाला कॉरिडॉरमध्ये थबकून बघायला अख्खी दुपार मोकळी. आमच्याकडे जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यातला निम्मा वेळ ताटाच्या रांगेत. एवढ्यात प्रेम कसं करायचं?

प्रेम होतं ते कंपनीच्या बसमध्ये. इथं जरा ऐसपैस सांगतो, कारण या विषयातला माझा अधिकार मोठा आहे. मी कायम शेवटच्या सीटवर बसतो. पोरगा आधीच्या थांब्यावर चढतो आणि शेजारच्या जागेवर डबा ठेवतो. पोरगी शिक्रापूरच्या चाकण चौकात चढते. तिला पाहून तो धांदलीनं डबा उचलू लागला, तर प्रकरण नवं आहे. तिनं स्वतःच उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, तर जमलेलं आहे. ती ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून रांजणगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, तर भांडण. त्या दिवशी बसमध्ये कुणी घोरतसुद्धा नाही, आणि ड्रायव्हर आपण होऊन गाणी बंद करतो. मोकळ्या रस्त्यानं हे बारा-पंधरा किलोमीटर इतक्या लवकर सरतात की पोराचं एक धड वाक्य जुळत नाही. पण चौक तुंबला, कंटेनर आडवे घुसले, की आईचा दम, गावाकडून आलेलं स्थळ, थकलेलं खोलीभाडं, सगळं बोलून होतं. नगर रस्ता रुंद करा म्हणून निवेदनं देणाऱ्यांत प्रेमात पडलेला एकही पोरगा मला दिसलेला नाही. उरलंसुरलं बोलणं संकष्टीला, रांजणगावच्या महागणपतीच्या रांगेत. तिथं दोघं पुढं-मागं उभे दिसले तर संशय घेणारा स्वतःच पापी ठरतो.

कॅन्टीनच्या भिंतीवर, मेनूशेजारी, लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याची पाटी आहे. आज भाजी कोणती हे बघताना ती रोज नजरेखालून जाते. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा, कायदा यायला पुढं सोळा वर्षं गेली. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाईच हवी, चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. कायदा प्रेमाला मनाई करत नाही. समोरचीला ते हवंय का, एवढंच विचारतो. आणि तिला नको असलं तरी ती कुणाला सांगणार? मालकाला? माझ्या खर्जाला बायको हसू शकते. ज्या पोरीची रजा आणि ओव्हरटाइम माझ्या सहीवर अडलेला आहे, ती सुंठ-मधच सुचवणार.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आमच्या लाइनवर बीडकडचा एक पोरगा आणि परभणीकडची एक पोरगी होती, दोघंही कंत्राटी. बरोबरीचे, एकाच मशिनवर समोरासमोर, कुणाची कुणावर सही नाही. बसमधला डबा मांडीवर पोचला होता. ठेकेदाराच्या माणसाला कुणकुण लागली आणि 'वातावरण बिघडतं' म्हणून एकाला ब्रेक मिळाला. कुणाला, ते कंपनीत काम केलेल्याला सांगायला नको. पोराचं कार्ड चालू राहिलं, पोरीचं गेटवरच जमा करून घेतलं. मालकानं प्रेम केलं की त्याचं शीर्षकगीत होतं. ऑपरेटर पोरीनं केलं की तिची हजेरी बंद होते. पुढं दोघांनी लग्न केलं. ती आता चाकणला दुसऱ्या कंपनीत परमनंट आहे. तो अजून कंत्राटावरच.

तेव्हा मालिका लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: पुढच्या वेळी नायकाला कंपनी देऊ नका, सेकंड शिफ्ट द्या. नायिकेला मात्र आधी परमनंट करा, मग काय ते प्रेमाचं बघा.