दहा पौंडांचा वन आरके

चिरंजीव डब्लिनहून सुट्टीला आले आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला मोबाईलवर किल्ले दाखवू लागले. किल्ले कसले, उंच दगडी घरंच. तिकडे त्यांना टॉवर हाउस म्हणतात. खाली कोठार, वर राहायची जागा, एका वेळी एकच माणूस चढेल असा गोल जिना, आणि दाराच्या आत छताला एक भोक. नको असलेला पाहुणा शिरला की त्यातून धोंडा सोडायचा.

“आपल्याकडे असलं काही नाही, बाबा.”

मी डोंबिवलीकर. आमच्या इमारतीच्या नावातच टॉवर आहे. भोकाचं म्हणाल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालू लागल्या की खालून येणाऱ्याची तीच गत होते.

मग चिरंजीवांनी इतिहास काढला. १४२९ साली, इंग्लंडचा राजा सहावा हेन्री सात-आठ वर्षांचा पोर असताना, आयर्लंडात एक कायदा झाला. डब्लिन, मीथ, किल्डेर आणि लाउथ या चार परगण्यांत जो कोणी दहा वर्षांच्या आत निदान २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच बुरूज बांधील, त्याला १० पौंड अनुदान. पैसे अर्थात परगण्यातल्या रयतेचे.

हिने मेथी निवडता निवडता गुणाकार केला. “तीनशे वीस. म्हणजे वन आरके. कार्पेट की बिल्टअप?”

चिरंजीवांना सांगता येईना.

“चाळीस फूट म्हणजे चार मजले, लिफ्ट नाही,” ही म्हणाली, “आणि ताबा दहा वर्षांनी. एवढं मात्र अगदी आपल्यासारखं.”

रविवारी मी त्याला आपले बुरूज दाखवायला काढलं. रविवार म्हणजे मेगाब्लॉक; धीम्या गाड्या जलद मार्गावर आणि जलद गाड्या विचारात. तरी कल्याण गाठलं. दुर्गाडी किल्ल्यावर वाऱ्यात उभं राहून मी उल्हास नदीच्या खाडीकडे बोट केलं आणि २४ ऑक्टोबर १६५७ला शिवाजी महाराजांनी कल्याण कसं घेतलं, मराठी आरमाराची जहाजं इथे कशी बांधली गेली, ते सांगितलं. माझा आवाज जरा चढलाच. चिरंजीव म्हणाले, “पण यात कोणी राहत नव्हतं ना?” त्याला राहता किल्ला हवा होता.

राहता किल्ला ठाण्यात आहे, म्हणून तिकडे गेलो. पोर्तुगिजांनी १७३०च्या सुमारास तो बांधायला घेतला; १७३७त मराठे आले तेव्हा काम चालूच होतं. १७७४च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. आज ते ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला इथेच फाशी दिलं. हे सांगितल्यावर चिरंजीवांनी मोबाईल खिशात टाकला आणि आम्ही थोडा वेळ नुसतेच त्या भिंतीकडे बघत राहिलो.

मग मला त्रिंबकजी डेंगळे आठवले. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी पेशव्यांच्या या कारभाऱ्याला इथे डांबलं होतं. दगाफटका नको म्हणून पहाऱ्याला सगळे गोरे. तिथेच घात झाला. एका साहेबाचा मोतद्दार घोडा फिरवता फिरवता भिंतीखाली मराठी गाणी म्हणायचा आणि पळून जायचा बेत गाण्यातूनच सांगायचा. गोरे मजेत ऐकत असावेत. १२ सप्टेंबर १८१६च्या रात्री त्रिंबकजी पसार. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर काही वर्षांनी इकडे आला, तेव्हाही लोक ही गोष्ट सांगत होते.

“डब्लिनच्या बुरुजांत असं काही घडलंय?” मी विचारलं.

चिरंजीव गप्प. तिकडे तेही एका खोलीतच राहतात, भाड्याने.

तुम्हालाही हा किल्ला बघायचा असेल तर बाहेरूनच बघा. आत जायला तिकीट नाही, गुन्हा लागतो. आणि भिंतीपाशी उभं राहून गाणी म्हणू नका. हल्लीच्या पहारेकऱ्यांना मराठी कळतं.