सुशीविषयी सविस्तर

निशी-कासाई, टोकियो

तीर्थरूप आबा आणि सौ. आईंस,

टोकियोत सुशीच्या दुकानांना तोटा नाही; त्यांतले चांगले कोणते, हे ओळखताना नवखा माणूस फसतो. सुशी म्हणजे कच्चा मासा, आणि मासा ताजा असला की झाले, असा राजूरच्या घरी समज आहे. तो चुकीचा आहे. सुशीचा पाया भात. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ, त्यात व्हिनेगर, मीठ, किंचित साखर, आणि वाढताना तो अंगाच्या उबेइतका कोमट. बोटांनी दाबलेला घास उचलताना फुटू नये, पण तोंडात जाताच दाणे सुटे व्हावेत. फ्रिजमधून काढल्यासारखा गार, घट्ट गोळा पुढे आला, तर वर कोणताही मासा असो, त्या दुकानात पुन्हा जाऊ नये. अकोले तालुक्यात काळभात आणि इंद्रायणी खाऊन वाढलेल्या माणसाला ही परीक्षा सहज जमते. भातात व्हिनेगर घालतात हे वाचून आईंनी मात्र पत्र मिटवू नये.

हाताने दाबलेली ही सुशी मूळची टोकियोचीच. शहराचे जुने नाव एदो. 1820च्या दशकातल्या हानाया योहेई या विक्रेत्याला तिचे श्रेय देतात. त्या काळी ती गाड्यावर उभ्याने खाण्याची वस्तू होती. बर्फ नव्हता, म्हणून मासा मिठात, व्हिनेगरमध्ये किंवा सोया सॉसमध्ये मुरवून ठेवत. ट्यूना आजही चांगल्या दुकानात काही दिवस मुरवून मगच वाढतात, आणि दूरच्या समुद्रात धरलेला पुष्कळसा ट्यूना बोटीवरच उणे 60 अंशांना गोठवलेला असतो. ‘आजच धरलेला’ अशी पाटी बघून आत शिरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

बाजाराजवळचे दुकान चांगले, हाही एक आडाखा आहे आणि तो अर्धाच खरा आहे. 1935 पासून त्सुकिजीत असलेला घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला. त्सुकिजीतल्या बाहेरच्या गल्ल्या जागीच राहिल्या. दोन्हीकडे रांगा लागतात, आणि रांगेत निम्म्याहून जास्त माणसे बॅगा ओढत आलेली दिसली तर पुढे चालू लागणे बरे. तोयोसूच्या नववर्षाच्या लिलावात 5 जानेवारी 2019 रोजी 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला. घेणारे कियोशी किमुरा सुशीच्या दुकानांच्या साखळीचे मालक आहेत, तेव्हा त्यातला बराचसा पैसा जाहिरातीचा समजावा. घोडेगावचा कांद्याचा लिलाव पाहिलेल्या आबांनी आकडा पुन्हा वाचू नये. तो बरोबरच आहे.

गिन्झातले ‘सुकियाबाशी जिरो’ हे तळघरातले दुकान जगाला माहीत आहे. बसायला जेमतेम 10 जागा. 2014 मध्ये पंतप्रधान आबे यांनी ओबामांना तिथेच नेले. पण सर्वसामान्यांना तिथे जागा धरता येत नाही, या कारणाने 2019 मध्ये मिशलिनच्या मार्गदर्शिकेने ते यादीतून वगळले. म्हणजे ते शोधण्याचे कष्टच नकोत. अशा लहान दुकानांत फोनवर आधी जागा धरावी लागते, अत्तर लावून जाणे असभ्य मानतात, आणि लहान मुलांना पुष्कळ ठिकाणी मज्जाव असतो. दुपारी गेले तर त्याच कारागिराच्या हातचे बरेच स्वस्तात मिळते. जपानी लोक ‘ताबेलोग’ या ॲपवर गुण देतात आणि ते इतके हात राखून देतात की 5 पैकी 3.5 म्हणजे उत्तम. निवृत्त गणितशिक्षकांना हे शहर आवडण्याचे हे एक कारण ठरावे. आत शिरल्यावर मासळीचा वास आला तर मात्र गुण कितीही असोत, परत फिरावे.

मुले बरोबर असतील तर फिरत्या पट्ट्याचे दुकान. योशिआकी शिराइशी यांना बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून ही युक्ती सुचली आणि 1958 मध्ये ओसाकाजवळ असे पहिले दुकान निघाले. एका साखळीत रिकाम्या 5 ताटल्या खाचेत टाकल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर खेळणे मिळते. त्यामुळे भूक संपल्यावरही मुलांचे जेवण पाचाच्या पाढ्यात चालू राहते. त्यांचा लाडका सामन हा या खाद्यातला नवा भिडू. 1980च्या दशकात नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनी तो कच्चा खाण्यासाठी म्हणून जपानात रुजवला. जुन्या वळणाचे कारागीर अजूनही तो ठेवत नाहीत.

माळकरी आजींचा प्रश्न वेगळा. मासवडीत मासा नसतो, तसा काकडीच्या ‘काप्पा-माकी’तही नसतो, गुंडाळायचे, कापायचे आणि चकत्या मांडायच्या, हेही दोन्हींत सारखेच. पण गोड चवीच्या तळलेल्या तोफूत भरलेला भात आणि दुधी जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्यांची गुंडाळी यांपासून जपावे. दिसायला शाकाहारी असली, तरी तोफू आणि पट्ट्या बहुधा सुक्या माशाच्या काढ्यात शिजवतात. मिसोच्या कढणातही तोच काढा असतो. काकडी, मुळ्याचे लोणचे आणि आंबवलेले सोयाबीन यांच्या गुंडाळ्या चालतात. सोयाबीनला तार सुटते आणि वास दारापर्यंत येतो, तेव्हा आजींनी काकडीवरच थांबावे.

आबांनी फोनवर विचारलेल्या घरच्या सुशीच्या प्रयोगाबद्दल: गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात, म्हणून सुशीचे कारागीर तो मासा कच्चा वाढत नाहीत. भंडारदऱ्याचा मासा कृपा करून रश्श्यातच शिजवावा.

कळावे,
टोकियोची मंडळी