यंदा आमचं काही खरं नाही

जुलै महिन्यात आयर्लंडच्या रस्त्यांवरून जाताना नकाशा नसला तरी अडत नाही. खिडक्यांतून लोंबणारे झेंडे, बांधावर दोन रंगांत रंगवून उभी केलेली मोडकी मोटार, गवताच्या गोल गठ्ठ्यांवर फासलेला रंग आणि एखाद्या उत्साही शेतकऱ्याच्या तावडीत सापडलेल्या रंगीत मेंढ्या पाहिल्या की आपण कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहोत ते कळतं. ती काउंटी अजून स्पर्धेत टिकून आहे, हेही कळतं. हरलेल्या काउंटीचे झेंडे फार लवकर धुवायला जातात. अशा गावात पेट्रोल भरता भरता पंपावरच्या माणसाला विचारावं, रविवारी कोण जिंकणार? त्याच्या डोक्यावर संघाची टोपी, अंगात संघाची जर्सी, मागच्या भिंतीवर संघाचा फोटो. तो सुस्कारा टाकून सांगेल की यंदा आमचं काही खरं नाही. बचाव कच्चा आहे, निम्मी पोरं दुखापतीतून उठलेली आहेत, आणि समोरचा संघ म्हणजे, काय विचारता! परक्या पाहुण्याला त्याची दया येते. येऊ देऊ नये. दहावीच्या वर्गातली पहिली येणारी मुलगी परीक्षेच्या हॉलबाहेर ‘पेपर काही बरा गेला नाही’ म्हणते तेव्हा आपण जेवढा विश्वास ठेवतो, तेवढाच इथे ठेवावा. माझं म्हणणं असं की गेलिक खेळांच्या चाहत्यांत काउंटी-काउंटीची जी जुनी खडाजंगी चालते, तिच्यातलं खरं हत्यार फुशारकी नाही, नम्रता आहे. आणि हे हत्यार जो जितक्या सफाईनं चालवतो तितका तो जास्त धोकादायक.

आधी थोडी ओळख. खेळ मुख्यतः दोन. हर्लिंगमध्ये लाकडी काठीनं लहानसा कडक चेंडू अशा वेगानं फटकावतात की पाहणाऱ्यालाच हेल्मेट घालावंसं वाटतं, आणि गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातातही चालतो आणि पायानंही. दोन्हींत पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू जाळ्यात गेला तर तीन पॉइंट, आडव्या दांडीवरून गेला तर एक (फुटबॉलमध्ये २०२५ पासून लांबून मारला तर दोन). या खेळांची संघटना, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्लस गावात, हेझ हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजी खेळांचं अतिक्रमण थोपवायचं आणि आपले खेळ जगवायचे, हा हेतू. गंमत अशी की ज्या काउंट्यांसाठी ही मंडळी आज जीव टाकतात, त्या इंग्रज राज्यकर्त्यांनीच कारभाराच्या सोयीसाठी आखल्या होत्या. शेवटची विक्लो, १६०६ साली. साहेबाचे खेळ नकोत, पण त्याच्या हद्दी शिरोधार्य! १९८७ पासून तर मोटारींच्या नंबरपाटीवरही काउंटीची खूण असते. त्यामुळे डब्लिनची पाटी लावून टिपररीतल्या एखाद्या चौकात चुकीचं वळण घेतलं, तर मागच्या हॉर्नमध्ये वाहतुकीच्या नियमांपेक्षा जास्त काहीतरी ऐकू येतं. (याच देशात २०१३ साली पाट्यांवरच्या वर्षाच्या आकड्याला शेपूट जोडून तो १३१ आणि १३२ केला. १३ हा आकडा अशुभ म्हणून गाड्या खपणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. शापांचा विषय पुढे येणार आहे, तेव्हा हे ध्यानात असू द्यावं.)

नम्रतेचं विद्यापीठ म्हणजे नैर्ऋत्येची केरी काउंटी. २०२५ च्या विजयानंतर फुटबॉलची ऑल-आयर्लंड, म्हणजे साऱ्या काउंट्यांच्या स्पर्धेची, अजिंक्यपदं तिच्याकडे ३९ झाली. दुसऱ्या क्रमांकावरच्या डब्लिनकडे ३१. तरीही केरीच्या माणसाला सामन्याआधी गाठलं तर तो प्रतिपक्षाची अशी तारीफ करतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा बिचारा रविवारी नुसता फेरफटका मारायला डब्लिनला निघालाय. यावर कोणी म्हणेल, सुसंस्कृत लोक आहेत, असतील नम्र. मग केरीच्याच पॉडी ओ शे यांचं काय झालं ते पाहावं. खेळाडू म्हणून आठ ऑल-आयर्लंड पदकं, शिवाय मॅनेजर म्हणून १९९७ आणि २००० ची अजिंक्यपदं. त्यातलं १९९७ चं तर अकरा वर्षांनी आलेलं, आणि अकरा वर्षं म्हणजे केरीच्या भाषेत दुष्काळ. एवढं करूनही चाहत्यांचा ताप इतका झाला की २००३ साली एका मुलाखतीत त्यांनी आपल्याच चाहत्यांना जनावरांच्या पंगतीत नेऊन बसवलं, आणि मग माफी मागितली. बाहेर ‘आमचं काही खरं नाही’ आणि घरात ‘हरलास तर बघ’, अशी ही दुतोंडी व्यवस्था आहे. नम्रता दाखवायची ती पाहुण्यांना. मॅनेजरला वेगळा न्याय.

आणि केरीनं हा धडा फुकट शिकलेला नाही. १९७८ ते १९८१ अशी सलग चार अजिंक्यपदं जिंकून केरीचा संघ १९८२ च्या अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा लागोपाठ पाच वेळा जिंकण्याचा पराक्रम तोवर कोणी केलेला नव्हता. समोर ऑफली, आकारानं आणि लौकिकानं लहान काउंटी. सामना व्हायच्या आधीच पाचव्या विजयाचे टी-शर्ट छापून झाले, गाणंही तयार झालं. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हे. शेवटची काही मिनिटं उरली असताना शेमस डार्बी या बदली खेळाडूनं गोल केला आणि ऑफलीनं एका पॉइंटनं सामना मारला: १-१५ विरुद्ध ०-१७ (आधी गोल, मग पॉइंट). त्या टी-शर्टांची आठवण ऑफलीतली माणसं आजही काढतात आणि केरीतली आजही काढत नाहीत. त्यापुढे केरीत सामन्याआधी बढाई मारणं म्हणजे स्वयंपाकघरात छत्री उघडण्यासारखं अपशकुनी झालं असणार, असा माझा अंदाज आहे. पुढे डब्लिननं २०१९ मध्ये पाचवं आणि २०२० मध्ये सहावं सलग अजिंक्यपद पटकावलं, पण त्या कथेत सांगण्यासारखं काही नाही. ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालं, की विनोद संपतो.

ही नम्रता या खेळांतच का उगवते, याचं उत्तर मला प्रेक्षकांच्या बाकावर सापडतं. अंतिम सामने होतात त्या डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२,३०० माणसं मावतात, आणि दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना वेगळं कोंडायची पद्धत तिथे नाही. कॉर्कच्या लाल जर्सीशेजारी टिपररीची निळी-पिवळी, त्यांच्या मागे कोणाची तरी आजी आणि पुढे त्याच आजीचा विरुद्ध काउंटीतला जावई. बाहेर रस्त्यावर एकच विक्रेता एका खांद्यावर एका संघाचे झेंडे आणि दुसऱ्या खांद्यावर दुसऱ्याचे घेऊन दोघांनाही शुभेच्छा देत असतो. २०२५ मध्ये केरी आणि डॉनिगॉल अंतिम सामन्यात आले तेव्हा तर त्याचं कामच सोपं झालं असेल, कारण दोघांचेही रंग हिरवा आणि सोनेरी. ज्याला शिव्या द्यायच्या तो सत्तर मिनिटं तुमच्या कोपराला कोपर लावून बसणार, त्याच्याच थर्मासमधला चहा तुम्ही पिणार, आणि सोमवारी तो तुमच्याच ऑफिसात भेटणार. अशा ठिकाणी फुशारकी महाग पडते. जिंकलात तर एक दिवसाचं सुख, हरलात तर वर्षभराचं व्याज. खेळाडूंनाही पगार नाही. रविवारी तुमच्या संघाची धूळधाण उडवणारा बचावपटू सोमवारी तुमच्याच मुलाला शाळेत गणित शिकवत असू शकतो. गणित शिकवणाऱ्याला कोण दुखवणार?

हद्दीवरच्या गावांत ही कला सर्वांत तल्लख होते. शॅनन नदीच्या एका तीरावर क्लेअरमधलं किलालू, दुसऱ्या तीरावर टिपररीतलं बॅलिना, मध्ये जुना दगडी पूल. दुकानं, शाळा, सोयरिकी सगळं मिळून एकच गाव. फक्त हर्लिंगच्या मोसमात त्याची दोन होतात. त्याहून नामी उदाहरण बॅलाहडरीनचं. हे गाव १८९८ च्या कायद्यानं मेयोतून काढून रॉसकॉमनला जोडलं. टपाल रॉसकॉमनचं, स्थानिक कर रॉसकॉमनला, पण गावचा क्लब आजतागायत मेयोतच खेळतो. २०१७ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला मेयोचा अँडी मोरन इथलाच. मेंढ्या चोरणारे म्हणून ज्या रॉसकॉमनवाल्यांना शेजारी हिणवतात, त्यांच्यातच राहून, त्यांच्याच दुकानातून दूध आणून, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे गाव मेयोसाठी रडतंय.

रडतंय हा शब्द जपून वापरलेला नाही, कारण मेयोची गोष्टच तशी आहे. १९५१ नंतर फुटबॉलचं अजिंक्यपद नाही. १९८९ ते २०२१ या काळात अकरा अंतिम सामने हरले. २०१६ मध्ये पहिल्या सामन्यात डब्लिनला गोल करता येईना, तर मेयोच्याच दोघांनी चेंडू आपल्या जाळ्यात घालून त्यांची अडचण दूर केली. इतकी मदत करूनही सामना बरोबरीत सुटला आणि फेरलढतीत मेयो एका पॉइंटनं हरले. पुढच्या वर्षी पुन्हा एका पॉइंटनं. याचं स्पष्टीकरण म्हणून एक शाप सांगतात. १९५१ चा संघ चषक घेऊन परतताना फॉक्सफर्ड गावात एका अंत्ययात्रेसमोर थांबला नाही, म्हणून पाद्रीबुवांनी शाप दिला की या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो जिंकणार नाही. पुरावा शून्य. त्या संघातले अखेरचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये वारले, त्याच महिन्यात मेयो अंतिम सामन्यात टिरोनकडून हरून चुकले होते, आणि त्यानंतर २०२५ पर्यंत अंतिम सामनाच दिसला नाही. म्हणजे शाप संपून उपयोग काही झाला नाही. क्लेअरनं तर बिडी अर्ली या वैदूबाईच्या माथी आपला शाप मारला. ती १८७४ साली, संघटना जन्माला यायच्या दहा वर्षं आधीच वारली होती! तरी १९९५ मध्ये ८१ वर्षांनी हर्लिंगचं अजिंक्यपद मिळेपर्यंत तिची सुटका झाली नाही. माझ्या मते शाप हा नम्रतेचा जुळा भाऊ आहे. आपण वाईट खेळलो म्हणायचं नाही, समोरचा चांगला खेळला असंही म्हणायचं नाही, आणि तरी हरल्याचं कारण द्यायचं. यासाठी मेलेल्या बाईइतकी सोयीची साक्षीदार कुठे मिळणार?

आता आक्षेप. पहिला असा की ही नम्रता म्हणजे निव्वळ ढोंग. आहेच. पण ढोंग करायला समोरच्याची दखल घ्यावी लागते. ज्याची किंमत वाटत नाही त्याच्यासमोर कोणी नम्र होत नाही; त्याला सरळ हसतात. हर्लिंगमध्ये ३६ अजिंक्यपदं बाळगणाऱ्या किल्केनीचा संघ वरिष्ठ फुटबॉल स्पर्धेत उतरतच नाही, तेव्हा त्यांच्या फुटबॉलचं कौतुक करायला कोणी जात नाही. कॅव्हनची माणसं चिक्कू म्हणून प्रसिद्ध: टेबलाच्या खणात ताट ठेवून जेवतात, म्हणजे दार वाजलं की खण लोटता येतो. हा विनोद कॅव्हनवालेच सर्वांत रंगवून सांगतात, कारण दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण सांगितला की त्याची धार आपल्या हातात राहते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मैदानावर हाणामाऱ्या होतात, पंचांना नको ते ऐकावं लागतं, तिथे कुठे गेली नम्रता? हे खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. एवढंच दिसतं की थट्टेला दोन पक्ष लागतात, आणि पंचाला उलट बोलायची मुभा नसते. तो बहुधा तिसऱ्याच काउंटीचा असतो, त्याच्या घरी कोणाचा जावई नसतो. तिथे विनोद संपून नुसता राग उरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो: कॉर्क आणि डब्लिन यांचं काय? ते तर उघड फुशारकी मारतात. क्रोक पार्कमधलं हिल १६ हे उभ्या प्रेक्षकांचं ठिकाण आपल्या बापजाद्यांचं असल्यासारखं डब्लिनकर वागवतात. २००६ च्या डब्लिनविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी मेयोचा संघ मुद्दाम त्याच टोकाला सराव करायला गेला, तेव्हा मैदानावर खासा तमाशा झाला. मेयोनं तो सामना एका पॉइंटनं जिंकला, म्हणजे फुशारकी फळली म्हणावी तर पुढच्याच सामन्यात केरीनं, अर्थात यंदा काही खरं नसलेल्या केरीनं, त्यांना तेरा पॉइंटांनी धुतलं. डब्लिनला एक सवलत द्यायला हवी: देशाच्या लोकसंख्येचा चौथ्याहून मोठा हिस्सा एका काउंटीत राहत असेल तर नम्रतेचा अभिनय करणं अवघडच. कॉर्कला ती सवलत नाही. तिथली माणसं आपल्या शहराला खरी राजधानी म्हणतात, आणि हे निव्वळ थट्टेनं म्हणतात असं समजणाऱ्यानं कॉर्कमध्ये एक दिवस तरी काढावा. हर्लिंगचं अजिंक्यपद त्यांनी २००५ मध्ये जिंकलं. तेव्हाचा कर्णधार शॉन ओग ओ हॅल्पिन जन्मला फिजीच्या रोटुमा बेटावर आणि चषक उचलून बोलला आयरिश भाषेत. त्यावर अभिमान वाटणं समजू शकतो. पण त्यानंतर वीस वर्षांचा खाडा. २०२४ मध्ये क्लेअरकडून जादा वेळेत एका पॉइंटनं हरले. २०२५ मध्ये पुन्हा अंतिम सामना, शहर लाल रंगात न्हालेलं, समोर टिपररी, आणि मध्यंतराला कॉर्क सहा पॉइंटांनी पुढे. टिपररीचे लोक तेव्हा काय पुटपुटत होते हे सांगायची गरज नाही. उत्तरार्धात कॉर्कला अवघे दोन पॉइंट मिळाले. टिपररीनं ३-२७ विरुद्ध १-१८ असा सामना घेतला. एवढं होऊनही कॉर्कमध्ये नम्रतेची लागवड सुरू झाल्याची खबर काही कुठून आलेली नाही.