आडवी बाटली, ताठ नियम

दारू एकट्याने सोडली तर कौतुक होते. गावाने सोडायची म्हटली की सरकार फूटपट्टी काढते. 1949चा दारूबंदी कायदा अजून लागू असलेल्या महाराष्ट्रात गावातले दुकान बंद करायला नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मतपत्रिकेवरच्या ‘आडव्या बाटली’ला लागतात. म्हणजे जुन्नर-आंबेगावातली जी बाई त्या दिवशी कांदा काढायला गेली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला! हीच कसोटी आमदारांना लावली तर विधानसभेतल्या किती खुर्च्या भरतील? बंदीने चोरटी दारू वाढते, हा आक्षेप खराच. पण चोरटी दारू निदान शोधावी लागते. परवानाधारक दुकानाची पाटी दारू सोडू पाहणाऱ्याला स्टँडवर उतरताच हाक मारते. नारायणगावच्या द्राक्षांची वाइन होताना मात्र सरकारला शेतकऱ्याचे हित लगेच दिसते. त्याच्या बायकोचे हित आधी मोजून घ्यावे लागते.